हत्तींच्या मधली जागा

२ एप्रिल, बुधवार. सिंदेवाही.

घर मिळालं! ज्याला ज्याला दाखवलं त्याने त्याने माझी कीव केली, म्हणजे माझी निवड बरोबर आहे. कवेलूचं, म्हणजे कौलांचं छप्पर, मातीच्या भिंती, पुढे पडवीसारखी लांब छपरी, मागे अंगण आणि अंगणात मोहाचं झाड. मोहफुलांचा नुसता सडा पडतो. मालकीण आशाबाई शेजारीच स्लॅबच्या घरात राहतात. भाडेकरूसाठी म्हणून त्यांनी या घरात टाइल्स बसवायचं ठरवलं होतं. गुलाबी फुलांच्या टाइल्सची खोकी अंगणात येऊनही पडली आहेत. मी त्यांना थांबवलं.

"बाई, टाइल्स नका बसवू. मी हे घर पारंपरिक पद्धतीनं सजवणार आहे."

"म्हंजे कसं जी?"

"माती, शेण, बांबू. पूर्वी आपल्याकडं असायचं तसं."

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. "पह्यले तसंच होतं भाऊ. म्हनून तं टाइल्स आनल्या."

त्यांना पटेल हळूहळू. धान संशोधन केंद्रात मी रोज वाफ्यांच्या नोंदी करतो, तशा या घराच्याही करणार. पुढे कुणाला असं घर करायचं असेल तर उपयोगी पडतील.

दिव्यानी सध्या नागभीडला, माहेरी आहे. घर लागेपर्यंत. इथली बदली मी स्वतः मागून घेतली होती. चंद्रपूरचा तो तिसऱ्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट, खाली कोळशाच्या ट्रकांची धूळ, कशाला राहायचं तिथे? तिला आधी सांगितलं नाही, कारण बदली झाली नसती तर उगाच हिरमुसली असती. हुकूम हातात पडला त्या दिवशी पेढे घेऊनच घरी गेलो. तिने पेढा खाल्ला नाही, पण बोललीही काही नाही. तिथल्या शाळेतली शिकवायची नोकरी सोडतानासुद्धा अवाक्षर काढलं नाही. कुरकुर न करणं हा माझ्या बायकोचा मोठा गुण. सामान बांधलं आणि म्हणाली, "तुमी जा, घर लावा. मी बाबाकडे राह्यते."

किती दिवस, ते विचारायचं राहून गेलं.

६ एप्रिल, रविवार

आज मातीचा प्रयोग. तलावाकाठची चिकण माती, त्यात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, बारीक तोडून, धानाचा कोंडा आणि शेण. मागच्या भिंतीवर वेगवेगळ्या प्रमाणाचे चौकोन लिंपले. प्रत्येकाखाली खडूने खुणा केल्या. अशी पद्धतशीर भिंत अख्ख्या तालुक्यात कोणी लिंपली नसेल.

आशाबाई गाईला पाणी पाजता पाजता म्हणाल्या, "भाऊ, तनस भिजत घालाव लागते दोन-चार रोज. तशीच घातली तं भिंत फाटते."

मी म्हटलं, पाहू या काय होतं ते.

९ एप्रिल, बुधवार

भिंत फाटली. सगळे चौकोन. उन्हाचा दोष असावा. तणस भिजत घातली आहे.

१३ एप्रिल, रविवार

भिंती झाल्या. सुंदर झाल्या. हात फिरवला की गार लागतं. बाहेर जमिनीवर पाय ठेववत नाही आणि आत माठात बसल्यासारखं वाटतं.

संध्याकाळी आशाबाईंनी पुढची खोली सारवून दिली. दिली म्हणजे मी खूप गळ घातली तेव्हा दिली. गुडघे धरून उठत म्हणाल्या, "हे एकडाव सारवून होत नाई भाऊ. आठ दिसांनं पोपडे निंगतेत. मंग कोन सारवन?"

"दिव्यानी येतेय ना."

दिव्यानीच्या लहानपणी त्यांचं घर मातीचंच होतं. दर शनिवारी शाळेत जाण्याआधी अख्खं घर ती सारवायची, हे तिनेच मला सांगितलंय. शेणाचा वास जाईना म्हणून वर्गात हात बाकाखाली ठेवायची, असंही सांगितलं होतं. म्हणजे हे सगळं तिच्या किती ओळखीचं! तिला तिचं बालपण परत मिळणार आहे.

तिला फोन केला, पण घराचं काही सांगितलं नाही. गंमत राहू दे. तिनेच एक बातमी दिली. नागभीडच्या एका शाळेत तिला जागा मिळतेय, जूनपासून. मेच्या मध्यापर्यंत हो की नाही ते कळवायचं.

"अगं पण तू तर इथे येणार ना?"

"पाह्यते."

"पाह्यते म्हणजे?"

"म्हंजे पाह्यते. भाजी लावली आहे, ठेवू का?"

फोन ठेवल्यावर घर जरा जास्तच गार वाटायला लागलं. मला ती इथे हवी आहे. छपरीत बसून तिच्याशी बोलल्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटत नाही. तिने एकदा त्या शाळेला हो म्हटलं, की मग मी इथे आणि ती तिथे, रविवारचा पाहुणा होऊन जायचं मी. पण असं होणार नाही. घर पाहिलं की ती 'पाह्यते' विसरेल. मेच्या मध्यापर्यंत सगळं तयार झालं पाहिजे.

२० एप्रिल, रविवार

खरेदी जोरात. बुरडांकडून बांबूच्या ताट्या आणल्या, छपरीला लावल्या. एका शेतकऱ्याच्या गोठ्यात पालथं पडलेलं जातं मिळालं, ते कोपऱ्यात मांडलं. मुसळ, सूप, रांजण. केंद्रातला सहकारी एटापल्लीहून आला, त्याने नदीत मासे धरायचा बांबूचा पिंजरा आणून दिला. मी त्यात बल्ब सोडून तो मधल्या खोलीत टांगला. भिंतीवर अशी जाळीदार सावली पडते की पाहत राहावं.

आशाबाई खूप वेळ वर पाहत उभ्या होत्या.

"भाऊ, मासोळ्या वरून येतेत का?"

कोंबड्यांनी टाइल्सच्या खोक्यांवर बस्तान मांडलंय. बाई म्हणतात, "तुमची बायको आली का मंग इचारू, खोके परत करू का ठेवू." मी म्हटलं, आजच करा परत. त्यांनी ऐकलं नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

पुढची भिंत कोरी आहे, तीच तेवढी खुपत होती. आज नथ्थू पेंटरला गाठलं. नथ्थू हिवाळाभर नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवतो, महाल, जंगल, तुरुंग, काय पाहिजे ते. उन्हाळ्यात लग्नघरांच्या भिंती. सध्या त्याला श्वास घ्यायला फुरसत नाही. आमच्या आळीतल्या दोन घरांवर त्याचे हत्ती झालेत. सोंड वर केलेले, पाठीवर झूल, डोळे अगदी शहाण्या माणसासारखे. मला तेच हवे होते.

"लगन कोनाचं जी?" नथ्थूने विचारलं.

"लग्न नाही. शोभा म्हणून."

"शोभा म्हनून हत्ती कोनी काढत नाई साहेब. दारावर हत्ती आले म्हंजे घरात लगन आलं."

"ही जुनी समजूत आहे, नथ्थू. चित्र ते चित्र."

"बरं. तुमचं घर, तुमचे हत्ती."

आशाबाईंनीही नाक मुरडलं. भिंत त्यांची, म्हणून त्यांना रीतसर विचारलं. "काढा, पन लोक इचारतीन," एवढंच म्हणाल्या. विचारू देत की. चार लोकांनी विचारलं तरच सजावटीचं सार्थक.

आता लिहिता लिहिता आठवलं, लग्नाच्या भिंतीबद्दल दिव्यानी एकदा काहीतरी बोलली होती. आमचं लग्न लॉकडाऊनमधलं, २०२१च्या मे महिन्यातलं. पंचवीस माणसं, दोन तास, तोंडाला मास्क. ना पेंटर येऊ शकला, ना बँड. ती म्हणाली होती, "दीपिकाताईच्या लग्नाचे हत्ती आमच्या भिंतीवर अजून हायेत. माह्या लग्नाले भिंतीले चुन्याचा हात बी नाई लागला." मी म्हटलं होतं, चला, चुना तरी वाचला. त्या दिवशी ती लवकर झोपली होती.

२७ एप्रिल, रविवार

भिंत झाली! नथ्थूने जीव ओतलाय. दाराच्या दोन्ही अंगांना भालदार-चोपदार, मिशा पिळून उभे. वर गणपती. डावीकडच्या भिंतीवर समोरासमोर दोन हत्ती, त्यांच्या सोंडांत हार, मागे केळीची पानं, खाली मोर. आणि दोन हत्तींच्या बरोबर मधे पिवळ्या काठाचा लंबगोल, आत कोरा पांढरा.

"हे काय?"

"नावाची जागा."

"अरे, नाव नाही टाकायचं. लग्न नाही ना."

"मालूम आहे. पन ते जागा सोडली नाई तं हत्ती कोनासाठी उभे हायेत, समजत नाई. राहू द्या जी. तुमाले सुचन तवा लिहून देईन."

मी म्हटलं, तिथे एखादं कमळ काढ. तर म्हणाला, कमळ गणपतीजवळ असते, इथी नाई. कलाकार माणूस, हट्टी असायचाच. राहू दिली जागा.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय तृतीया

आज लग्नांची मोठी तिथी. सकाळपासून माझ्या दारात वर्दळ.

आधी मंडपवाला आला. तारीख सांगून ठेवा म्हणे, मागाहून खुर्च्या मिळणार नाहीत. मग बँडवाला. मग आळीतल्या तिघी बायका आशाबाईंना विचारून गेल्या, नवरी कुठची. केंद्रातल्या आमच्या शिपाईमामांनी तर आहेर म्हणून स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, आणून हातात ठेवलं, "तुमी सांगतलं नाई तरी आमाले समजते साहेब." मी परत देत होतो तर रागावले.

प्रत्येकाला मी शांतपणे समजावलं. लग्न नाही, सजावट आहे. प्रत्येकाने मान डोलावली आणि पुन्हा विचारलं, मग लग्न कधी?

आशाबाई ओट्यावरून मजा पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, "भाऊ, लोकाईची काय चूक? बायको दिसत नाई, घर नवं केलं, दारावर हत्ती चढवले. लोक काय समजतीन?"

"काय समजतील?"

"दुसरी."

मी खूप हसलो. बाई हसल्या नाहीत.

३ मे, शनिवार

निकेशचा, म्हणजे धाकट्या साळ्याचा फोन. आवाज काहीतरीच.

"भाऊजी, घरी कार्यक्रम आहे म्हन्ते."

"कोण म्हणतं?"

"सिंदेवाहीहून आलेला मानूस सांगत होता. दारावर हत्ती काढले म्हने."

एवढ्यात पोचली बातमी! या भागात मोबाइलची रेंज जाते, बातमी जात नाही. माझी गंमत आता फुटणार, म्हणून मी घाईने म्हटलं, "हत्ती आहेत, खरं आहे. पण हे बघ निकेश, दिव्यानीला काही सांगू नको. तिला कळायच्या आत मला सगळं उरकायचंय."

 तो म्हणाला, "ठीक हाये," आणि फोन ठेवला. निकेश शहाणा मुलगा आहे, गुपित ठेवेल.

४ मे, रविवार

दिव्यानी आली होती.

सकाळच्या गाडीने. निकेश सोबत. मी बनियनवर अंगणात शेण कालवत होतो. आशाबाईंची हाक आली, "भाऊ, पुढं या. लवकर या." तसाच गेलो.

ती रस्त्यावर उभी होती, भिंतीसमोर. आळीतल्या बायका आपापल्या दारात. निकेश माझ्याकडे असा पाहत होता की मी हातातलं शेणाचं घमेलं खाली ठेवलं नाही, मधे असलेलं बरं.

दिव्यानीने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती हत्तींकडे पाहत होती. पुढे होऊन तिने एका हत्तीच्या झुलीवरून हात फिरवला, मोराच्या पिसाऱ्यावरून फिरवला, आणि त्या कोऱ्या जागेपाशी थांबली.

"इथी कोणाचं नाव येणार आहे?"

"कोणाचंच नाही. अगं, शोभा आहे ती. तुझ्यासाठीच केलं सगळं. सरप्राइज!"

"माह्यासाठी?"

"हो मग! लोकांनी उगाच लग्नबिग्न..."

ती हसली. आधी हसली, हे मी स्पष्ट पाहिलं. हसता हसता पायरीवर बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. निकेश म्हणाला, "काल रातीपासून जेवली नाई ताई." मला काय करावं कळेना. हात शेणाचे.

मग ती उठली आणि आत गेली. मी मागे मागे, एकेक गोष्ट दाखवत. तिने जातं पाहिलं, पिंजरा पाहिला, सारवलेली जमीन पाहिली. सगळ्यात जास्त वेळ मागच्या दारातून अंगणातली टाइल्सची खोकी पाहिली.

"कोण सारवते?"

"सध्या आशाबाई. पुढे तू. तुला सवय आहे ना लहानपणापासून."

तेव्हा ती वळली. आवाज चढवला नाही, पण एवढं सलग ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. "बदली झाल्यावर मले सांगितलं. घर घेतल्यावर मले सांगितलं. आता माती, शेण, मुसळ, मासोळ्याचा पिंजरा, सगळं झाल्यावर मले दाखवून राह्यले. ज्या कामातून सुटासाठी मी शिकली, तेच माह्यासाठी मांडून ठेवलं. एका तरी गोष्टीले इचारलं का मले? सगळं भरून टाकलं तुमी. अख्ख्या घरात तेवढी एक जागा रिकामी राह्यली, हत्तीच्या मधली. अना तेही तुमी नाई ठेवली. पेंटरनं ठेवली."

आशाबाईंकडे जेवली. माझ्याकडे नाही. दुपारच्या उन्हातच दोघं परत गेली.

शाळेला काय कळवणार, ते विचारायची हिंमत झाली नाही.

५ मे, सोमवार

एकंदरीत पाहता भेट वाईट झाली नाही. चित्रं तिला आवडली, हे नक्की. जमिनीबद्दल गैरसमज आहे, तो दूर करता येईल.

आज केंद्रात नोंदी करताना दोनदा चुकलो.

८ मे, गुरुवार

नथ्थू रस्त्यात भेटला. "काही सुचलं का साहेब, लिहाचं का नाव?" मी म्हटलं, मला काही सुचत नाही. तो म्हणाला, "मंग ज्याले सुचते त्याले इचारा," आणि सायकल मारत निघून गेला. त्याला घाई होती, कुठल्यातरी लग्नघरी.

घरी येऊन त्या भिंतीसमोर उभा राहिलो. खरं सांगायचं तर हत्ती जरा मूर्खासारखे दिसतात. हार धरून उभे, आणि मधे कुणी नाही. मला एकदम फार एकटं वाटलं. एवढं सगळं मांडलं आणि त्यात बसायला माझ्याशिवाय माणूस नाही.

फोन केला. म्हटलं, "त्या जागेत काय लिहायचं?"

 मागे तिच्या बाबांचा, दादाजींचा, खोकल्याचा आवाज. मग म्हणाली, "इचारून राह्यले का सांगून राह्यले?"

"विचारतोय."

"खरंच?"

"मला माहीतच नाही काय लिहायचं, तर सांगणार काय?"

  "रविवारी येते," म्हणाली. "तोवर कोणत्याच गोष्टीले हात लावू नका. एकही वस्तू आणू नका."

मुसळाला जोड म्हणून एक जुनं उखळ ठरवून आलो होतो. नको म्हणून कळवलं.

११ मे, रविवार

दिव्यानी एकटी आली. छपरीत बसून चहा घेतला, आणि मग तिने तिचं म्हणणं सांगितलं. मी मधे बोलायला तोंड उघडलं की हात वर करायची, वर्गात करतात तसा.

शाळेला ती हो कळवणार. नागभीडची शाळा सोडणार नाही.

मी कप खाली ठेवला. तेवढ्यात तीच म्हणाली, "रोज सकाळच्या गाडीनं जाईन, संध्याकाळी येईन. अर्धी दुनिया तशीच जाते. राह्यण इथीच."

मी म्हटलं, "इथेच?" ती म्हणाली, "काऊन, नको का?" मी तिच्या कपात आणखी चहा ओतला.

पुढचं मग मी भराभर कबूल केलं. स्वयंपाकघरात आणि न्हाणीत टाइल्स बसणार, त्याच, गुलाबी फुलांच्या. पिंजरा खाली उतरणार. तिला तो पाहिला की आपणच अडकल्यासारखं होतं म्हणे. पुढची खोली मातीची राहील, पण एका अटीवर.

"दर शनिवारी तुमी सारवायचं. मी नाई. आशाबाई नाई. तुमी."

"मी? मला कुठे येतं?"

"मले कुठी येत होतं? सात वर्षांची होती."

आशाबाईंना बोलावून खोकी ठेवायला सांगितलं तर बाई म्हणाल्या, "मले मालूमच होतं. म्हनून तं परत नाई केले." कोंबड्या मात्र नाराज झाल्या.

जाताना ती भिंतीपाशी उभी राहिली. त्या जागेत काय लिहायचं, ते नथ्थूला मीच सांगीन म्हणाली.

१५ मे, गुरुवार

गवंडी लागलाय. गुलाबी फुलं माझ्या डोळ्यांना खुपतात. तिने शाळेला होकार कळवला. मी स्वतःहून अभिनंदन केलं.

२३ मे, शुक्रवार

आमच्या लग्नाचा वाढदिवस. दिव्यानी कालच सामानासकट आली, आणि आज तिने नथ्थूला बोलावलं. तिचे आईबाबा, निकेश, सगळे आले. मला वाटलं जेवायला.

नथ्थूने लाल रंगात, वळणदार अक्षरांत, वर 'शुभविवाह' लिहिलं. खाली 'दिव्यानी' आणि 'गोपाल'. तिचं आधी. नथ्थू म्हणाला, नवरदेवाचं आधी असते जी, तर म्हणाली, "हे माहेरची भिंत आहे असं समज." आणि खाली तारीख. मला वाटलं आजची टाकेल. तिने टाकायला लावली २३ मे २०२१.

"चार वर्षं जुनं लग्न कोण लिहितं गं आता?" मी म्हटलं. नथ्थू आकडे गिरवत राहिला.

सासूबाई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन आल्या. भिंतीला हळद लावली, कुंकू लावलं, हत्तींना लावलं, आणि लावता लावता रडायला लागल्या. दादाजी दुसरीकडे पाहत होते आणि रुमालाने चष्मा पुसत होते. दिव्यानीने केसांत गजरा माळला होता, त्याचंही तिने आधी सांगितलं नव्हतं. ती भिंतीसमोर उभी राहिली, त्या लंबगोलाच्या अगदी खाली, आणि निकेशला म्हणाली, "काढ फोटो." मग मला ओढून शेजारी उभं केलं. आळीतल्या बायकांनी अक्षता टाकल्या. शिपाईमामा गर्दीत होतेच, म्हणाले, "मी म्हनलं होतं ना साहेब, लगन आहे."

रंगाच्या चार अक्षरांवर एवढं रडायला काय झालं, ते मला नीट कळलं नाही. पण तिचा हात माझ्या हातात होता, आणि मलाही उगाचच भरून आलं. इतकी सुंदर ती लग्नातही दिसली नव्हती. लग्नात तिच्या तोंडाला मास्क होता.

२४ मे, शनिवार

आज पहिल्यांदा सारवलं. तंत्र सोपं आहे, मनगटात आहे सगळं. अर्धगोल वळणं सुरेख येत होती, माझीच मला वाहवा करावीशी वाटत होती. एकच बारीक चूक झाली. दारापासून सुरुवात केली आणि मागे सरकत सरकत कोपऱ्यातल्या जात्यापर्यंत आलो. समोर अख्खी खोली ओली, आणि दार पलीकडे. खिडकीला गज आहेत. आशाबाईंनी गजांतून डोकावून पाहिलं आणि हसत हसत त्यांच्या घरी गेल्या, त्या अजून हसताहेत, ऐकू येतंय. दिव्यानीने ही वही आणि पेन गजांतून आत दिलं, "घ्या, लिवा तुमच्या नोंदी."

तर जात्यावर बसून लिहितो आहे. एकूण निष्कर्ष असा, की प्रयोग यशस्वी. दिव्यानी परत आली, आणि ती मातीच्या घरामुळेच आली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गार भिंती पाहिल्या की माणूस विरघळतोच. चित्रांचाही थोडा उपयोग झाला.

ती उंबरठ्यावर बसलीय, बाहेर पाय सोडून, बशीत चहा ओतून पितेय. माझा कप तिच्या शेजारी झाकून ठेवलाय. तिथून तिला भिंतीवरचं तिचं नाव दिसतं. मधूनच मान वळवून ती ते वाचते, आणि पुन्हा चहा पिते.

जमीन वाळली असावी. मी विचारलं, "येऊ का?"

तिने बोट टेकवून पाहिलं. "नाई अजून."

थांबलोय.